लॅपटॉप घेऊ, डेस्कटॉप घेऊ की मिनी पीसी? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजापूरपासून खाली मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही जा, कॉम्प्युटर घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न प्रोसेसरचाच विचारतो, आय फाइव्ह घेऊ की आय सेव्हन. आपल्याकडे हा प्रश्न चौथ्या नंबरचा आहे असं माझं ठाम मत आहे. आधी लाइट किती वेळ जाते ते बघा, मग मशीन समुद्रापासून किती लांब राहणार ते, मग काम काय आहे ते, आणि मग प्रोसेसर. दुरुस्तीला येणारी मशिनं इतकी वर्षं उघडतोय, त्यात प्रोसेसर जळालेलं मशीन जवळपास नसतंच. एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) उडालेला असतो, बोर्डावर गंज असतो, नाहीतर फॅन धुळीने जाम झालेला असतो. म्हणून खालची उत्तरं त्याच क्रमाने डोक्यात ठेवून लिहिलीत, पण प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवलेत.

डेस्कटॉप बरो की लॅपटॉप?

त्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो, आणि एक पार्ट गेला तर तेवढाच बदलता येतो. एसएमपीएस, रॅम, एसएसडी (फाइली साठवणारी जलद डिस्क), कीबोर्ड हे सगळं कणकवली, रत्नागिरी, चिपळूणला त्याच दिवशी मिळतं. लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला तर तो बहुतेक वेळा मुंबईला नाहीतर कोल्हापूरला पाठवावा लागतो, आणि पंधरा दिवस तुम्ही बसून राहता.

पण लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते आणि आपल्याकडे ही फार मोठी गोष्ट आहे. मृगाच्या पहिल्या वाऱ्यात झाड तारेवर पडलं की लाइट कधी येईल याचा नेम नाही. घरात इन्व्हर्टर नसेल आणि एकच मशीन घ्यायचं असेल तर लॅपटॉप घ्या, त्यावर जास्त विचार करू नका. मुलगा किंवा मुलगी बारावीनंतर पुण्या-मुंबईला जाणार असेल तरी लॅपटॉपच. एका जागी बसून काम आहे, दुकान, ऑफिस, सेवा केंद्र, होमस्टेचा काउंटर, आणि इन्व्हर्टर आहे, तर डेस्कटॉप किंवा मिनी पीसी.

एकाच नावाचा प्रोसेसर असेल तर लॅपटॉप आणि डेस्कटॉप सारखेच चालणार ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त पैसे लोक इथेच घालवतात. नाव सारखं असतं पण आत जाणारी वीज वेगळी असते, आणि प्रोसेसरचा खरा वेग त्याला सतत किती वॉट मिळतात आणि ती उष्णता किती पटकन बाहेर टाकता येते यावर ठरतो.

एक जोडी घेऊन बघा. लॅपटॉपमधला आय सेव्हन १३५५यू आणि डेस्कटॉपमधला आय फाइव्ह १३४००. दोन्ही इंटेलच्या तेराव्या जनरेशनचे, दोन्हीत दहा कोअर, म्हणजे आत काम करणारे दहा भाग. नाव ऐकून कोणीही आय सेव्हनच उचलेल. पण लॅपटॉपवाल्यात मोठे जलद कोअर फक्त २ आणि छोटे ८, डेस्कटॉपवाल्यात मोठे ६ आणि छोटे ४. लॅपटॉपवाल्याची बेस पॉवर १५ वॉट, डेस्कटॉपवाल्याची ६५. वर्डची फाइल उघडताना, ब्राउझर चालवताना दोघांत फरक जाणवणार नाही, कारण तिथे एक-दोन कोअरच थोड्या वेळासाठी लागतात. पण लग्नाचा दोन तासांचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावलात तर डेस्कटॉपचा आय फाइव्ह त्या आय सेव्हनला आरामात मागे टाकतो.

लॅपटॉपच्या प्रोसेसरच्या शेवटी यू असेल तर तो कमी विजेचा, साधारण १५ वॉटचा. एच असेल तर ४५ वॉटच्या आसपासचा, जास्त ताकदीचा, पण फॅन जोरात फिरणार आणि बॅटरी लवकर संपणार.

मग नंबर बघून चांगला-वाईट ओळखायचा कसा?

इंटेलने डिसेंबर २०२३ पासून नावं बदलली, आता आय फाइव्ह आय सेव्हनच्या जागी कोअर फाइव्ह, कोअर अल्ट्रा फाइव्ह अशी नावं येतात. त्यात अल्ट्रा हा शब्द नसेल तर आत बरेचदा जुनीच रचना नव्या नावाने असते. वाईट नसते, पण नवीन म्हणून जास्त पैसे देऊ नका.

एएमडीत आणखी जपून. २०२३ पासून आलेल्या रायझनच्या ७००० सिरीजच्या लॅपटॉपमध्ये पहिला आकडा नुसता वर्ष दाखवतो, खरी पिढी कळते तिसऱ्या आकड्यावरून. रायझन फाइव्ह ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे आत झेन टू, ही २०१९ सालची रचना, आणि कोअर ४. रायझन फाइव्ह ७५३०यू मध्ये तिसरा आकडा ३, म्हणजे झेन थ्री, आणि कोअर ६. नुसता एक आकडा इकडचा तिकडे, दुकानात दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवलेले असतात, दिसायला सारखे, आणि वापरताना पुढची चार वर्षं हा फरक भोगायचा. बॉक्सवरचा पूर्ण नंबर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, सेल्समनने "रायझन फाइव्ह आहे" म्हटलं म्हणजे त्याने अर्धंच सांगितलंय.

८ जीबी रॅम पुरेल का?

टॅली, एक्सेल, सातबारा काढणं, मेल, एवढंच असेल तर आज पुरेल. क्रोममध्ये पंधरा-वीस टॅब, त्यात व्हॉट्सॲप वेब आणि झूम एकदम चालू, असं असेल तर १६ घ्या. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत हे खरं आहे, तरी प्रोसेसर एक पायरी खाली घेऊन रॅम वाढवलेली जास्त कामाची.

एक गोष्ट दुकानात जरूर विचारा, रॅम बोर्डाला सोल्डर केलीय की स्लॉट आहे. पातळ लॅपटॉपमध्ये बहुतेक सोल्डरच असते, मग नंतर वाढवता येत नाही, जे आज घ्याल तेच शेवटपर्यंत. आणि स्लॉट दोन असतील तर १६ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८च्या दोन घ्या, दोन चॅनल मिळतात. एकपदरी घाटात आणि चौपदरी झालेल्या हायवेवर जो फरक पडतो तोच इथे, गाडी तीच पण एका वेळी जाणारा माल दुप्पट. प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्याला आणि फोटो-व्हिडिओ करणाऱ्याला हे लगेच कळतं.

माझं जुनं मशीन खूप स्लो झालंय, नवीनच घ्यावं लागेल का?

आधी हार्डडिस्क काढून एसएसडी टाका. नव्वद टक्के लोकांना मी हेच सांगतो.

हार्डडिस्क सरळ रेषेत वाचताना सेकंदाला शंभर ते दोनशे एमबी देते, पण विंडोज चालू होताना हजारो छोट्या फाइली इकडून तिकडून उचलायच्या असतात आणि तिथे डिस्कचं डोकं फिरत राहतं, सेकंदाला जेमतेम शंभरएक उड्या. साध्या साटा एसएसडीत ही उडीच नाही, ती साडेपाचशे एमबीपर्यंत जाते आणि छोट्या फाइलींना तर हार्डडिस्कची बरोबरीच नाही. एनव्हीएमई ही त्याहून जलद एसएसडी, तिची जेन थ्री साडेतीन हजार एमबीपर्यंत, जेन फोर सात हजारांपर्यंत. पण हे नीट ऐका, हार्डडिस्कवरून साटा एसएसडीवर आलात की मशीन नवीन वाटतं, आणि साटावरून जेन फोरवर गेलात तर रोजच्या ऑफिसकामात तुम्हाला बहुधा काहीच जाणवणार नाही. मोठ्या व्हिडिओ फाइली हलवणाऱ्यालाच त्याचा उपयोग.

खूप स्वस्त लॅपटॉपवर "६४ जीबी ईएमएमसी" किंवा "१२८ जीबी ईएमएमसी" लिहिलेलं असतं. ती एसएसडी नाही, बोर्डाला चिकटवलेली हळू मेमरी आहे. ते घेऊ नका.

मिनी पीसी म्हणजे नक्की काय? टिकतो का?

हातात मावेल एवढा डबा, मागे मॉनिटरला स्क्रू करून लावता येतो. आत लॅपटॉपचाच प्रोसेसर असतो, रॅम आणि एसएसडी बहुतेकांत बदलता येते. स्क्रीन, कीबोर्ड, माऊस वेगळा घ्यायचा.

छोटं दुकान, आंब्याच्या पेट्यांचा हिशोब, होमस्टेचं बुकिंग, ग्रामपंचायतीतलं ऑनलाइन काम, यासाठी मला सध्या हाच प्रकार सगळ्यात पटतो. इंटेलचा एन१०० नावाचा प्रोसेसर २०२३ च्या सुरुवातीला आला, ४ कोअर, ठरलेली पॉवर ६ वॉट, आणि एवढ्यावर विंडोज ११, दोन स्क्रीन, फोर-के व्हिडिओ सगळं चालतं. मर्यादा पण आहेत, त्यात मोठे कोअर नाहीतच आणि रॅमचा चॅनल एकच, म्हणून फोटोशॉपमध्ये मोठा फ्लेक्स उघडलात की तो दमतो. डीटीपीवाल्यांनी त्याच आकाराचा पण रायझन फाइव्ह किंवा आय फाइव्ह यू सिरीजवाला मिनी पीसी बघावा.

नाव न ऐकलेल्या कंपनीचा ऑनलाइन मागवणार असाल तर अडॅप्टरवरचा व्होल्ट-अँपिअर लिहून ठेवा, कारण पहिला जातो तो अडॅप्टर, आणि इथे तसाच मिळायला हवा.

आणि ऑल-इन-वन?

दिसतो छान, मी सुचवत नाही. आत लॅपटॉपचे पार्ट, लॅपटॉपचाच वेग, पण बॅटरी नाही. स्क्रीन गेली तर पूर्ण मशीन गेलं, बोर्ड गेला तर चांगली स्क्रीन पडून. मिनी पीसी मॉनिटरच्या मागे लावलात की टेबल तेवढंच मोकळं राहतं आणि दोन्ही वेगवेगळं बदलता येतं.

इन्व्हर्टरवर किती वेळ चालेल?

हा हिशोब स्वतः करता आला पाहिजे. साधी घरगुती बॅटरी १५० एएच, १२ व्होल्ट. गुणाकार केला की कागदावर १८०० वॉट-तास. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारं आणि बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते ते वजा केलं की हजार वॉट-तास हातात धरा, बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी.

आता भागाकार. ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग डेस्कटॉप खेळताना साडेतीनशे वॉट खात असेल तर तीन तासही नाही. साधा ऑफिस डेस्कटॉप मॉनिटरसकट ८०-९० वॉट, म्हणजे अकरा-बारा तास. मिनी पीसी, मॉनिटर आणि वायफाय राउटर मिळून ४५ वॉट, वीस तासांच्या वर. घरात पंखा आणि दिवे पण त्याच बॅटरीवर असणार, ते यातून वजा करा, तरी फरक कळतो. वीजबिलाचंही तसंच, १०० वॉटचं मशीन रोज आठ तास पंचवीस दिवस चाललं की २० युनिट, ३५ वॉटचं चाललं की ७.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते. अशा वेळी दोनशे वॉटचं मशीन नुसतं शोभेला असतं. यूएसबी सी वरून चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर ६५ वॉटच्या कार चार्जरवर गाडीतसुद्धा चार्ज होतो, म्हणून लॅपटॉप घेताना चार्जिंगचं पोर्ट यूएसबी सी आहे का ते बघाच.

इन्व्हर्टर असून पण लाइट गेली की डेस्कटॉप बंद पडतो, का?

इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड असा खटका असतो, काहींवर इको लिहिलेलं असतं. नॉर्मल मोडला लाइट गेल्यावर बदलायला जास्त वेळ लागतो, पंखा-दिव्याला चालतं, डेस्कटॉपला नाही. तो यूपीएस मोडला करा. तरी बंद पडत असेल तर मशीनला वेगळा छोटा यूपीएस द्या. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट, साध्या डेस्कटॉपला ठीक. महागड्या गेमिंग एसएमपीएसला मात्र कधी कधी स्वस्त यूपीएसची चौकोनी वेव्ह चालत नाही, लाइट गेल्याक्षणी मशीन बंद होतं, तिथे प्युअर साइन वेव्हच लागते.

वाडीच्या टोकाला व्होल्टेज कमी येतं ही पण तक्रार असते. लॅपटॉपचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्ट सगळं खपवून घेतो. डेस्कटॉपच्या स्वस्त एसएमपीएसला बरेचदा एवढी रेंज नसते, मग संध्याकाळी सगळ्यांचे पंप चालू झाले की मशीन आपोआप रिस्टार्ट व्हायला लागतं आणि लोक विंडोज परत टाकत बसतात. एसएमपीएसवरचं लेबल वाचा, तिथे रेंज लिहिलेली असते.

खाऱ्या हवेने खरंच एवढं बिघडतं का?

हो. पावसाळ्यात आपल्याकडे हवेत दमटपणा ८०-९० टक्के असतो, त्यात किनाऱ्यावर मिठाचे बारीक कण. मीठ ओल ओढून घेतं, त्याचा पातळ थर बोर्डावर बसतो, तो थोडी थोडी वीज वाहून नेतो, आणि तांब्याला हळूहळू हिरवट गंज चढतो.

किनाऱ्यालगतच्या एका होमस्टेचा डेस्कटॉप मध्ये उघडला होता, तो कसा होता ते सांगतो म्हणजे कळेल. कॅबिनेटचे मागचे स्क्रू तपकिरी होऊन फुगलेले, एक तर फिरेचना. यूएसबी पोर्टच्या धातूवर पांढरट पूड. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये चिऱ्याची लाल धूळ ओलीने घट्ट बसून तिची गादी झालेली, नखाने खरवडली तर सोलून आली, वारा आरपार जायला जागाच नव्हती. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी पिनांवर काळपट ठिपके. आणि एसएमपीएसच्या जाळीत वाळलेली पाल. मालकाची तक्रार काय होती, तर "प्रोसेसर स्लो झालाय, आय सेव्हन टाकून द्या." नव्व्याण्णव टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश आणि ब्लोअर घेऊन साफ केलं, नवी थर्मल पेस्ट लावली, तो तोच आय थ्री आज मजेत चालतोय.

काय करायचं ते थोडक्यात नाही सांगता येणार. मशीन पावसाळ्यात रोज निदान अर्धा-एक तास चालू ठेवा, आत गरम राहिलं की ओल टिकत नाही. चालू मशीनवर किंवा नुकत्याच बंद केलेल्या गरम मशीनवर प्लास्टिक टाकू नका, घाम आतच राहतो, सुती कापड टाका. एसीच्या खोलीतला थंडगार लॅपटॉप एकदम पडवीत आणून चालू करू नका, बॅगेतच ठेवून वीस-पंचवीस मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्या, नाहीतर चष्म्यावर येतं तसं पाणी बोर्डावर येतं. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. कॅबिनेटच्या मागच्या उघड्या पट्ट्या बंद करा, पाली आणि मुंग्या तिथूनच आत जातात. वर्षातून दोनदा साफसफाई, एकदा पावसाआधी, एकदा दिवाळीच्या आसपास.

ज्यात फॅनच नाही असं मशीन इथे जास्त टिकतं, कारण ते खारी हवा आत ओढतच नाही. वेग थोडा कमी मिळतो पण समुद्राला लागून घर असेल तर मी तो सौदा करायला तयार आहे.

वीज पडल्यावर लॅनचं पोर्ट गेलं, असं कसं?

मे महिन्यातला वळवाचा पाऊस आणि ऑक्टोबरमधला परतीचा, दोन्हीत विजा. लोक प्लग काढतात आणि लॅनची, म्हणजे राउटरपासून मशीनला येणारी, तांब्याची वायर तशीच ठेवतात, झटका तिथून येतो. गडगडाट सुरू झाला की प्लग आणि लॅन दोन्ही काढा. राउटर ते मशीन वायफाय वापरलंत तर हा रस्ताच बंद होतो. कातळावरच्या घरात अर्थिंग बरेचदा नावाला असतं, एकदा चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, सर्ज प्रोटेक्टर अर्थिंगशिवाय नीट काम करत नाही.

मॅक घ्यावा का?

ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ आणला तेव्हापासून एका वॉटमागे मिळणाऱ्या कामात ते पुढे आहेत हे मान्य करायला हवं. मॅकबुक एअरमध्ये फॅन नाही, वर लिहिलं त्यामुळे किनाऱ्याला ते बरं, फक्त लांबलचक व्हिडिओ रेंडर करताना काही मिनिटांनी गरम होऊन वेग कमी करतो. २०२४ च्या शेवटी आलेला एम४ मॅक मिनी साध्या मॉडेलमध्येच १६ जीबी रॅमचा आहे, ५ इंच बाय ५ इंचाचा डबा, आणि व्हिडिओ एडिटिंगला त्या पैशात त्याला तोड सापडणं कठीण.

पण रॅम नंतर वाढत नाही, टॅलीप्राइम मॅकवर थेट चालत नाही, आणि बिघडला तर सिंधुदुर्गात कुठे दाखवायचा हा प्रश्न आहे. हिशोबाचं काम असेल तर नको. यूट्यूबला व्हिडिओ टाकणारे, फोटोग्राफर, कोडिंग करणारी मुलं, यांनी जरूर घ्यावा.

स्नॅपड्रॅगनवाले नवीन विंडोज लॅपटॉप कसे आहेत? बॅटरी खूप चालते म्हणे.

बॅटरी खरंच चालते. पण तुमचं आपले सरकार सेवा केंद्र असेल, अंगठ्याचं बायोमेट्रिक मशीन, डिजिटल सहीचा डोंगल, जुना प्रिंटर असं काही जोडायचं असेल तर थांबा. या प्रोसेसरची भाषा वेगळी, एआरएम. नेहमीचे प्रोग्राम तो भाषांतर करून चालवतो, पण ड्रायव्हरचं भाषांतर होत नाही, त्या उपकरणाच्या कंपनीने एआरएमसाठी वेगळा ड्रायव्हर दिलेला असला तरच ते चालतं. म्हणून आपली सगळी उपकरणं दुकानात नेऊन जोडून बघा, नाहीतर साधा इंटेल-एएमडीच घ्या.

अशा नव्या लॅपटॉपांत एआयसाठी वेगळा चिप आहे म्हणून जास्त पैसे मागतात. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये कोपायलट प्लस पीसी जाहीर केले त्यात एआय चिपला ४० टॉप्सची (हे त्याच्या वेगाचं माप) अट आहे, पण तुमच्या बिलाच्या छपाईला, एक्सेलला त्याने काही फरक पडत नाही. फुकट मिळालं तर ठीक.

गेमिंग लॅपटॉपमध्ये आरटीएक्स ४०६० आहे, डेस्कटॉपएवढंच ना?

नाही. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०६० या ग्राफिक्स चिपला कंपनी ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही देऊ शकते, नाव तेच राहतं. पातळ लॅपटॉपमधला कमी वॉटवाला आणि जाड लॅपटॉपमधला पूर्ण वॉटवाला यांच्यात खूप अंतर आहे. स्पेसिफिकेशनमध्ये टीजीपी (ग्राफिक्स चिपला मिळणारे वॉट) शोधा, लिहिलेलं नसेल तर विचारा, सांगत नसतील तर दुसरीकडे जा. बॅटरीवर गेम पूर्ण वेगाने चालत नाही, प्लग लागतोच, म्हणजे लाइट गेल्यावर खेळू ही आशा सोडा.

बेंचमार्कचे आकडे किती खरे मानायचे?

आकडे खरे असतात, फक्त कोणता आकडा कशासाठी ते कळलं पाहिजे. गीकबेंच ६ या वेग मोजणाऱ्या ॲपमध्ये आय सेव्हन १२७०० या डेस्कटॉप प्रोसेसरला २५०० मार्क धरलेत, बाकी सगळे त्याच्याशी तोलायचे. सिंगल कोअरमध्ये एन१०० बाराशेच्या आसपास येतो आणि एम४ साडेतीन हजारांच्या वर जातो. ब्राउझर, एक्सेल, टॅली यांना सिंगल कोअरचा आकडा लागतो. मल्टी कोअरचा आकडा व्हिडिओ, थ्रीडी आणि कोडिंगवाल्यांनी बघावा.

गीकबेंच लवकर संपतं, तेवढ्यात मशीन नीट तापतही नाही. लॅपटॉपची खरी परीक्षा सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटांची टेस्ट. पहिल्या फेरीचा आणि शेवटचा आकडा ताडून बघा, मोठी घसरण असेल तर कूलिंग कमी पडतंय. रिव्ह्यू करणारे एसीत बसून हे करतात, तुम्ही मे महिन्यात कौलाखाली नाहीतर पत्र्याच्या पडवीत करणार. खोलीत दहा-बारा डिग्री जास्त असतील तर आत प्रोसेसर पण साधारण तेवढाच जास्त तापतो, इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० डिग्रीला पोचले की स्वतःच वेग खाली आणतात. म्हणून दोन मशिनांमध्ये जमत नसेल तर ज्याचा हीटसिंक आणि फॅन मोठा तो घ्या.

गणपतीला येताना भाऊ मुंबईहून ऑफिसचा जुना लॅपटॉप आणणार आहे, घेऊ का?

चाकरमान्यांबरोबर येणारे हे थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक नवीन स्वस्त लॅपटॉपपेक्षा बरेचदा मजबूत असतात, कीबोर्ड चांगला, रॅम-एसएसडी बदलता येते. तीन गोष्टी बघा. प्रोसेसर इंटेल आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा हवा, कारण विंडोज ११ त्याखालच्याला अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बॅटरीचा रिपोर्ट काढा, विंडोजमध्ये पॉवरसीएफजी कमांडने निघतो, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी अशा दोन ओळी असतात, दुसरी पहिलीच्या निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करा. आणि क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून डिस्क किती तास चाललीय ते बघा.

सातव्या जनरेशनचा किंवा जुना असेल तर लिनक्स मिंट टाकून अभ्यासाला, इंटरनेटला मजेत चालतो. बँकेचं काम जुन्या विंडोज १० वर मात्र करू नका.

क्रोमबुक किंवा रास्पबेरी पाय?

क्रोमबुक फक्त ब्राउझरच्या कामाला, आणि नेट नसलं की बरंचसं अडतं. आपल्याकडची रेंज बघता नको. रास्पबेरी पाय ५ शिकणाऱ्या मुलांना उत्तम, सर्किट जोडून शिकता येतं, पण घरातला मुख्य कॉम्प्युटर म्हणून घेऊ नका.

लॅपटॉप कायम चार्जिंगला लावून ठेवला तर चालतं का?

सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावा, बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये असते. बॅटरीला उष्णता आणि सतत १०० टक्के या दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत. लाइट जास्त जाणाऱ्या चार महिन्यांत मर्यादा काढून टाका, तेव्हा पूर्ण बॅटरी हवी.

आमचं गावचं घर गणपती ते मे बंद असतं, मशीन तिथे ठेवू का?

लॅपटॉप असेल तर बरोबर न्या. डेस्कटॉप ठेवायचाच असेल तर सगळे प्लग काढा, कॅबिनेट माळ्यावर किंवा उंच कपाटात ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या घालून. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला तळमजल्यावरच्या कितीतरी दुकानांतली मशिनं पाण्याखाली गेली आणि त्याबरोबर वर्षांचे हिशोब गेले, म्हणून डेटाची एक कॉपी त्या घरात ठेवूच नका, मुंबईच्या घरी ठेवा नाहीतर क्लाउडवर.

एसएसडी वीज न लावता वर्षानुवर्षं ठेवायची वस्तू नाही, जुनी वापरलेली असेल तर विशेष. मधे कोणी शिमग्याला जाणार असेल तर त्याला सांगा, मशीन दोन तास चालू करून ठेव. चालू केल्यावर तारीखवेळ चुकीची दाखवत असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो, मशीन बिघडलेलं नाही.